मे महिन्यातला ब्रेड: ४१ अंशांत कणीक आवरायची कशी

हिवाळ्यात बसवलेलं प्रमाण (३०० ग्रॅम पिठाला ३ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, पहिली फुगवणी दीड तास) एप्रिल संपता संपता कोलमडलं. ब्रेड टिनच्या काठापर्यंत झकास येतो, ओव्हनमध्ये जातो आणि दहा मिनिटांत मधोमध बसतो. कापला की वरच्या सालीखाली बोट जाईल एवढी पोकळी, तळाशी दडस थर, आंबूस वास आणि साल फिकी. पिठातली साखर यीस्टने आधीच संपवलेली असते, म्हणून रंग धरत नाही. ही सगळी लक्षणं जास्त आंबल्याची. ओव्हनचं तापमान वाढवून यावर काही होत नाही.

जळगाव-भुसावळकडे बाहेर ४४-४५ असताना स्वयंपाकघर ४१ वर असतं. एवढ्याने यीस्ट मरत नाही, त्याला मरायला ५५-६० लागतात. ते उधळतं. वायू भराभर तयार होतो, आणि तो धरून ठेवणारं ग्लुटेन (पिठातलं चिवट प्रथिन) गरम, आंबट कणकेत सैल पडत जातं. म्हणून घड्याळाच्या मागे न लागता कणकेचं तापमान धरायचं: मळून झाल्यावर २६ अंश.

हिशोब नेहमीचाच. कणकेचं तापमान ढोबळमानाने खोली, पीठ आणि पाणी या तिघांची सरासरी, म्हणून २६ ची तिप्पट ७८. त्यातून खोली, पीठ आणि मळण्याची उष्णता (हाताने २ अंश) वजा केली की पाण्याचं तापमान मिळतं. खोली ४१, डब्यातलं पीठ ३८, मळणं २, बेरीज ८१. पाणी उणे ३ चं हवं! बर्फ घालून जमतं, पण बर्फ वितळेपर्यंत कणीक कुठे घट्ट, कुठे पातळ राहते. पीठच रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं तर ते ८ अंशांवर येतं आणि पाणी २७ चं चालतं. आपल्या कोरड्या हवेत माठातलं पाणी साधारण तेवढंच असतं. मार्चपासून डोक्याला लागलेली कटकट इथे मिटली.

आताचं प्रमाण: मैदा २००, लोकवन गव्हाचं पीठ १००, माठाचं पाणी २००, मीठ ६, साखर १२, तेल १५ आणि यीस्ट फक्त १ ग्रॅम. बन्सी गहू नको; त्याचं ग्लुटेन ताणलं जातं, पण परत आकसत नाही. चक्कीवरून आलेलं पीठ हाताला गरम लागतं, ते पूर्ण निवल्याशिवाय डब्यात भरू नये. पीठ-पाणी कालवून अर्धा तास झाकून ठेवा, म्हणजे कोंडा भिजतो आणि मळताना ग्लुटेनचा पडदा फाडत नाही. यीस्ट आणि मीठ त्यानंतर, तेल सगळ्यात शेवटी. मीठ कमी करू नका, उन्हाळ्यात यीस्टला तेवढाच लगाम. आणि इन्स्टंट यीस्ट कोमट पाण्यात फुलवायचा सोपस्कार निदान जूनपर्यंत बंद.

१ ग्रॅम मोजायला किचनचा काटा कुचकामी, तो अर्ध्या ग्रॅमची चूक सहज करतो. सराफी पद्धतीचा छोटा काटा घ्या. यीस्टही सुटं, पुडीत बांधून दिलेलं नको. दुकानाच्या फळीवर उन्हाळा काढलेलं यीस्ट अर्धमेलं असतं. सीलबंद पाकीट आणा, फोडलं की घट्ट झाकणाच्या बाटलीत फ्रीजरमध्ये.

पहिली फुगवणी फ्रीजमध्ये, दहा-बारा तास. इथे एक मेख आहे. गोळा गोलच ठेवला तर मधला भाग दोन-तीन तास गरम राहतो आणि आतून फुगतच राहतो. सकाळी बाहेर थंडगार साल, मध्ये मऊ लगदा. कणीक तेल लावलेल्या पसरट डब्यात दोन बोटं जाडीची थापून ठेवली की लवकर गार होते. वीज गेली तर दार उघडायचं नाही.

खरं हट्टी प्रकरण दुसऱ्या फुगवणीचं. टिनमधली कणीक कडेने तापते, आत गारच राहते. कडा फुगून खचायला लागतात तेव्हा मधला भाग नुकता जागा होत असतो. शिवाय कोरड्या हवेत वरची साल तडकते. यावर कूलर कामी आला: टिनवर ओलं फडकं (कणकेला न टेकता), आणि टिन कूलरच्या झोतापासून हातभर बाजूला. तिथली हवा २८-२९ ची आणि दमट. कणीक काठाच्या बोटभर खाली असतानाच आत टाकायची, म्हणजे ओव्हन त्याआधी पंधरा मिनिटं तापलेला हवा. १९० वर ३५ मिनिटं. संध्याकाळी व्होल्टेज २३० वरून १९० वर आलं की कॉइलची ताकद सुमारे ६८ टक्केच उरते, तेव्हा भाजणं पहाटे उरकलेलं बरं. मागच्या खेपेला बोटाने दाबलेला खड्डा सावकाश, अर्धवट भरून आला; ब्रेड मध्ये बसला नाही आणि साल तांबूस झाली. फक्त डाव्या कडेला, झोताच्या बाजूला, थोडा कमी फुगला.

हे लिहितानाच सुचलं: माठाखालच्या ओल्या वाळूत टिन अर्धा रोवला तर? वाळू चारही बाजूंनी सारखी गार असते, झोताची भानगड नाही. धाब्याचं (मातीच्या सपाट छताचं) घर असलेल्यांनी आतल्या खोलीतलं तापमान मोजून कळवा, कदाचित त्यांना यातलं काहीच लागणार नाही.

वाळू सुचली, म्हणून कूलरपासूनचं अंतर मोजत बसण्याचा बेत रद्द. पुढच्या खेपेला वाळू, आणि ब्रेडऐवजी पाव. याच कणकेचे ४४ ग्रॅमचे १२ गोळे होतात. गोळा लहान, त्यामुळे आतबाहेर तापमानाचा फरकही कमी पडेल. मध्ये बोटभर फट, २०० वर १८ मिनिटं, बाहेर काढल्या काढल्या वरून तेलाचा हात. शेवभाजीचा रस्सा शोषूनही पाव फाटला नाही तर लोकवन १०० वरून १५० वर नेणार.