मिलवॉकी ओपन : विजेते विस्मरणात, साठावा मात्र सर्वांच्या तोंडी

मिलवॉकी ओपन ही जी गोल्फ स्पर्धा २००९ नंतर झालेलीच नाही तिच्यासाठी कोणी दुसऱ्या राज्यात जाते का, असा प्रश्न शिकागोतल्या आमच्या यजमानांनी मला विचारला आणि त्यांच्या दृष्टीने तो रास्तच होता. शिकागोतले दिवस त्यांच्या आग्रहात आणि सरोवरावरच्या वाऱ्यात कसे गेले ते कळले नाही. मग हायवाथा नावाच्या रेल्वेने दीड तासात मिलवॉकीला पोहोचलो. तिथले पंख उघडणारे कलासंग्रहालय सुंदर आहे, एवढेच इथे सांगतो, कारण माझा जीव शहराच्या उत्तरेकडच्या ब्राउन डिअर पार्कमध्ये अडकला होता.

अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फच्या मोठ्या स्पर्धा बहुतेक वेळा श्रीमंत खासगी क्लबांत होतात आणि तिथे सभासदाच्या ओळखीशिवाय फाटकापाशीही कोणी उभे करत नाही. ब्राउन डिअर मात्र मिलवॉकी काउंटीच्या उद्यान विभागाचे सार्वजनिक मैदान आहे. १९२९ मध्ये ते खुले झाले आणि आजही शुल्क भरून कोणीही तिथे खेळू शकतो. ग्रेटर मिलवॉकी ओपन १९९४ पासून अखेरपर्यंत इथेच खेळली गेली. त्याआधी १९६८ मध्ये तिची सुरुवात शेजारच्या मेक्वोन गावातल्या क्लबात झाली होती, आणि १९७३ पासून वीसेक वर्षे ती फ्रँकलिनच्या टकअवे क्लबात मुक्कामाला होती.

एकट्या खेळाडूला तिथे अनोळखी तिघांबरोबर जोडून देतात. ही पद्धत मला मुळीच आवडत नाही, कारण आपल्या प्रत्येक वाकड्या फटक्याला तीन परके साक्षीदार मिळतात आणि ते तिघेही अगत्याने ‘चांगला प्रयत्न’ असे म्हणत राहतात. भाड्याने मिळालेल्या गोल्फच्या काठ्या, म्हणजे क्लब, झिजलेल्या होत्या आणि डास भरपूर होते. परंतु माझ्या चौकडीत एक निवृत्त गृहस्थ होते, त्यांनी या स्पर्धेत अनेक वर्षे स्वयंसेवक म्हणून काम केले होते, आणि त्यांच्यामुळेच माझा दिवस सार्थकी लागला. उरलेले दोघे तरुण होते व त्यांना केवळ चौदाव्या होलची, म्हणजे चेंडू ज्यात घालायचा त्या चौदाव्या खळग्याची, घाई झाली होती.

चौदावा होल पार तीनचा आहे, म्हणजे तिथे चेंडू तीन फटक्यांत होलमध्ये जाणे अपेक्षित असते. तिथे पोहोचताच दोघांनी क्लब बाजूला ठेवून मोबाइल काढले. टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागी, उभे राहून एकमेकांची छायाचित्रे घेतली, मग मला बोलावून माझेही घेतले. १ सप्टेंबर १९९६ रोजी, शेवटच्या फेरीत, वीस वर्षांच्या टायगर वुड्सने इथे सहा नंबरच्या आयर्न या क्लबने चेंडू थेट होलमध्ये घातला होता. व्यावसायिक म्हणून ती त्याची पहिलीच स्पर्धा होती. त्याआधीच्या रविवारी ओरेगॉनमध्ये त्याने हौशी खेळाडूंचे राष्ट्रीय विजेतेपद सलग तिसऱ्यांदा मिळवले होते आणि याच मिलवॉकीत पत्रकारांसमोर बसून त्याने ते प्रसिद्ध ‘हॅलो वर्ल्ड’ उच्चारले होते. इतके होऊनही तो संयुक्त साठावा आला आणि त्याला २,५४४ डॉलर मिळाले.

मी सहज विचारले, मग ती स्पर्धा जिंकली कोणी? दोन्ही तरुण एकमेकांकडे पाहू लागले. उत्तर दिले ते त्या गृहस्थांनी. लॉरेन रॉबर्ट्सने प्ले-ऑफमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवणाऱ्या जादा लढतीत, जेरी केलीला हरवले होते. केली याच विस्कॉन्सिन राज्यातला, मॅडिसनचा, त्यामुळे घरच्या मैदानावर घरचा मुलगा जिंकणार म्हणून सगळे मैदान श्वास रोखून उभे होते. रॉबर्ट्सला २,१६,००० डॉलर मिळाले. मागच्या जोडीचा चेंडू आमच्या टीपाशी येऊन पडेपर्यंत फोटो चालू होते, आणि त्या वेळात माझी चिडचिड वाढत गेली. बेचाळीस वर्षांची स्पर्धा, आणि तिच्यातून एका साठाव्या क्रमांकाशिवाय काहीच उरू नये, हे मला अन्यायाचे वाटले. माझा फटका ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, बराच अलीकडे पडला, यावर तिघांनीही ‘चांगला प्रयत्न’ म्हटले.

पुढचे होल खेळताना मी आणि ते गृहस्थ मागेच रेंगाळलो आणि आमचे बोलणे कॅल्विन पीटवर आले. माझ्या मते मिलवॉकीची खरी गोष्ट ती आहे. पीट हा कृष्णवर्णीय खेळाडू. शेतमजुरांच्या वस्त्यांवर फिरून माल विकणाऱ्या या माणसाने गोल्फचा क्लब हातात घेतला तोच मुळी तेविसाव्या वर्षी. लहानपणी कोपर मोडल्यामुळे त्याचा डावा हात पूर्ण सरळ होत नसे, आणि डावा हात सरळ ठेवा हा तर उजव्या हाताने खेळणाऱ्यांना दिला जाणारा पहिला धडा. ज्याला तो धडा गिरवताच येणार नव्हता, त्या माणसाने पुढे १९८१ पासून सलग दहा वर्षे टीवरून चेंडू फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यात, ठेवण्यात संपूर्ण टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या वार्षिक मालिकेत, पहिला क्रमांक राखला. त्याचा टूरवरचा पहिला विजय १९७९ मध्ये मिलवॉकीतच झाला आणि १९८२ मध्ये तो इथे पुन्हा जिंकला. एकूण बारा विजय त्याच्या नावावर आहेत, आणि टायगर येईपर्यंत एवढे विजय दुसऱ्या कोणाही कृष्णवर्णीय खेळाडूला मिळालेले नव्हते. १९८५ मध्ये जिम थॉर्प या आणखी एका कृष्णवर्णीय खेळाडूने जॅक निक्लॉसला मागे टाकून टूरवरचा आपला पहिला विजय मिळवला, तोही मिलवॉकीतच. केवळ गोऱ्यांनाच सभासद करून घेण्याचे कलम व्यावसायिक गोल्फच्या संघटनेच्या घटनेत १९६१ पर्यंत होते, हे लक्षात घेतले म्हणजे या विजयांचे वजन कळते. हे सारे टकअवेवर घडले होते, ब्राउन डिअरवर नव्हे, त्यामुळे चौदाव्या टीवरच्या छायाचित्रात पीट येणे शक्यच नव्हते, हे मलाही मान्य आहे. तरीही माझा राग गेला नाही.

ब्राउन डिअरच्याच खात्यावर पाहिले तरी कमी नाही. २००१ मध्ये शिगेकी मारुयामा इथे जिंकला. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर टूरची स्पर्धा जिंकणारा तो पहिला जपानी. २००६ मध्ये शेहेचाळीस वर्षांच्या कोरी पेव्हिनने पहिल्या फेरीतले पहिले नऊ होल फक्त २६ फटक्यांत संपवले आणि त्या आठवड्याअखेरीस दहा वर्षांत प्रथमच जिंकला. नऊ होलसाठी इतके कमी फटके टूरवर त्यापूर्वी कोणालाच लागले नव्हते. पेव्हिन चेंडू दूर मारण्यासाठी कधीच प्रसिद्ध नव्हता, आणि ब्राउन डिअर हे लांबीपेक्षा नेमकेपणा मागणारे, झाडांनी आवळलेले मैदान आहे, हे मी त्या दिवशी हरवलेल्या चेंडूंच्या आधारे खात्रीने सांगू शकतो.

स्पर्धा बंद का पडली, याचे उत्तर मैदानात नसून वेळापत्रकात आहे. १९६८ मध्ये पहिली स्पर्धा झाली तीच मुळी ब्रिटिश ओपन या ब्रिटनमधल्या मानाच्या स्पर्धेच्या आठवड्यात. तेव्हा तिची एकूण बक्षिसे दोन लाख डॉलरची होती आणि विजेत्या डेव्ह स्टॉकटनला ४०,००० डॉलर मिळाले. त्याच आठवड्यात स्कॉटलंडमधल्या कार्नूस्टीला ब्रिटिश ओपन जिंकणाऱ्या गॅरी प्लेअरच्या वाट्याला ३,००० पौंड आले. त्या काळी समुद्र ओलांडून जाण्यापेक्षा मिलवॉकीत राहणे पुष्कळ अमेरिकन खेळाडूंना परवडत होते. पुढे पैशांचे गणित उलटले. शेवटच्या वर्षांत टूरने ही स्पर्धा पुन्हा ब्रिटिश ओपनच्या आठवड्यात ढकलली, तेव्हा बहुतेक नावाजलेले खेळाडू स्कॉटलंड किंवा इंग्लंडला असत आणि इथे उरलेले खेळत. पाटलाच्या घरच्या लग्नाच्या मुहूर्तावरच आपल्या घरची मुंज काढावी, तसे हे झाले. अशा आठवड्यातल्या विजेत्याला मास्टर्स या प्रतिष्ठेच्या स्पर्धेचे आपोआप मिळणारे निमंत्रणही नसते. २००४ पासून स्पर्धा यू. एस. बँकेच्या नावाने होत होती. २००९ नंतर त्या बँकेने करार वाढवला नाही, दुसरा प्रायोजक सापडला नाही, आणि २०१० च्या वेळापत्रकातून मिलवॉकी गळाले. गंमत म्हणजे त्यानंतरच्या वर्षांत याच राज्यात पीजीए चॅम्पियनशिप, यू. एस. ओपन आणि रायडर कप या गोल्फमधल्या साऱ्या मोठ्या स्पर्धा होऊन गेल्या. थोरामोठ्यांचे एखाद्या वर्षीचे पाहुणचार विस्कॉन्सिनला मिळतात, दरवर्षी हक्काने येणारा पाहुणा मात्र गेला तो गेलाच.

शेवटची स्पर्धा बो व्हॅन पेल्टने जिंकली. तो त्याचा टूरवरचा एकुलता एक विजय. त्या रविवारचे काय आठवते, असे मी अठराव्या होलच्या ग्रीनवर त्या गृहस्थांना विचारले. ते मोकळेपणाने म्हणाले की, त्या दिवशी सकाळी सगळे स्वयंसेवक तंबूतल्या दूरदर्शन संचाभोवती होते, कारण तिकडे टर्नबेरीला एकोणसाठ वर्षांचा टॉम वॉटसन ब्रिटिश ओपन जिंकण्याच्या अगदी जवळ आला होता. तो प्ले-ऑफमध्ये स्टुअर्ट सिंककडून हरल्यावरच ही मंडळी आपापल्या जागी गेली.