"लेन्स कब निकाले?" – एनडीएच्या मेडिकलचा माझा अनुभव

एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, लेखी परीक्षेनंतर एसएसबी म्हणजे निवड मंडळाची मुलाखत असते. तिच्या पाच दिवसांबद्दल इथे लिहीत नाही, त्यावर सगळेच लिहितात. कॉन्फरन्स झाली, निवडलेल्यांत माझा चेस्ट नंबर (छातीवर लावलेला क्रमांक) पुकारला, घरी फोन केला, आई रडली. मी अडकलो ते त्यानंतर, डोळ्यांच्या तपासणीत.

अकरावीपासून मी सॉफ्ट लेन्स लावायचो. चष्म्यात मी फौजी दिसत नाही, असं माझं ठाम मत होतं. घरी मात्र सांगायचो की ग्राउंडवर चष्मा उडतो. (चष्म्याला मागून इलास्टिकचा पट्टा लावला की तो कुठेही उडत नाही. हे मला एका पोराने दाखवलं, पण अपील मेडिकलच्या, म्हणजे फेरतपासणीच्या वेळी!) एसएसबीभर लेन्स डोळ्यांतच. रेकमेंड झालो की मेडिकल लागलीच सुरू होतं हे ठाऊक होतं, पण तपासताना लेन्स डोळ्यात नसली म्हणजे झालं, एवढाच माझा हिशोब. आदल्या रात्री काढून डबीत ठेवली.

मशीनवर हनुवटी टेकवली. डॉक्टरांनी उजेडाची बारीक पट्टी बुबुळावरून सरकवली आणि विचारलं, "लेन्स कब निकाले?"

"सर, कल रात."

ते काही बोलले नाहीत, नुसतं लिहीत राहिले. उजवा −2.25, डावा −2.75. माझ्या वेळच्या यूपीएससीच्या जाहिरातीत आर्मीसाठी मर्यादा होती −2.5. घरच्या कागदावर दोन्ही डोळे 2.25! पाव नंबरासाठी टीआर, म्हणजे तात्पुरता अनफिट.

झालं होतं ते असं. लेन्समुळे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, हवा कमी मिळते. तो किंचित सुजतो, त्याचा आकार बदलतो आणि नंबर चुकीचा येतो. सॉफ्ट लेन्स असेल तर तो पूर्ववत व्हायला साधारण एक-दोन आठवडे द्यावे लागतात, कडक आरजीपी असेल तर तीन-चार किंवा त्याहून जास्त. फोटो किती, कपडे कुठले, दाखले कोणते, सगळं माझ्या कागदांत होतं. लेन्स कधी काढायची, ही एक ओळ मला कुठेच सापडली नाही. अजूनही आठवलं की डोकं फिरतं.

म्हणून सांगतो, लेन्स मेडिकलच्या तारखेवरून मोजून काढू नका. एसएसबीची तारीख हातात आली त्याच दिवशी काढा, कारण मधे श्वास घ्यायलाही वेळ मिळत नाही.

अपीलसाठी 42 दिवसांची मुदत होती. मला दुसऱ्याच आठवड्यात जायचं होतं. आमच्या नेत्रतज्ज्ञ बाईंनी दटावलं, "आधी नंबर स्थिर होऊ दे, मग तारखेचं बघ." दर शनिवारी त्यांच्याकडे जायचो. पहिल्या शनिवारी डावा डोळा 2.75 वरच. त्या रात्री मी जेवलो नाही. पुढच्या खेपेला 2.5. मग 2.25, आणि त्यापुढच्या शनिवारीही 2.25. सलग दोनदा तोच आकडा आला, तेव्हा बाई म्हणाल्या, "आता जा."

अपीलच्या दिवशी बाकावर शेजारी बसलेला एकजण म्हणाला, त्याच्या काकांनी लेसर करून टाक म्हणून सांगितलं होतं. बरं झालं ऐकलं नाही, एनडीएला लेसिक चालत नाही. दुसऱ्या एकाला वाटत होतं, लेन्स घालूनच बसलं तर कुणाला कळतंय! त्या उजेडाच्या पट्टीत लेन्सची कड स्पष्ट दिसते.

अपीलला डॉक्टर वेगळे, प्रश्न तोच. मी तारीख पाठ करून गेलो होतो, घडाघडा सांगितली. त्यांनी मान वरसुद्धा केली नाही. दोन्ही डोळे 2.25, फिट.

हो, आणि एक राहिलंच. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की जवळचं अक्षर काही तास दिसत नाही. सह्यांचे कागद आधी उरकून घ्या. माझा फॉर्म शेवटी त्या पट्टावाल्या पोराने वाचून दाखवला.