एक पान दाखवायला काय जातं?

गेल्या महिन्यात चुलत दिरांकडे साखरपुडा होता. जेवण उरकून हात धुवायला गेले, तर नळापाशीच एका नातेवाइकांनी गाठलं. "वहिनी, तुम्ही त्या शाळेच्या ऑफिसात होतात ना? आमच्या पुतण्याला एक स्थळ आलंय. मुलीची दहावी तुमच्याकडेच झालीय. पत्रिकेत सत्त्याण्णव साल लिहिलंय आणि गावात लोक पंच्याण्णव म्हणतात. रजिस्टरला काय आहे तेवढं बघून सांगा की." मी म्हटलं, मी कधीच रिटायर झाले. तर म्हणाले, "म्हणून काय झालं? इतकी वर्षं रजिस्टर तुमच्याच हाताखाली होतं. एक पान दाखवायला काय जातं?"

अठ्ठावीस वर्षं एका माध्यमिक शाळेत लिपिक होते मी. हा प्रश्न मला लग्नात, एसटीत, दवाखान्याच्या बाकावर, एकदा तर सासऱ्यांच्या दहाव्याला घाटावरसुद्धा विचारला गेलाय. बहुतेक वेळा हसून वेळ मारून नेली. आता एकदा नीट सांगते.

ज्यांनी ते बघितलं नाही त्यांच्यासाठी: शाळेच्या कपाटात जनरल रजिस्टर नंबर १ नावाचं एक धूड असतं. लाल कापडी बांधणी, उघडल्यावर टेबलभर पसरणारं. मूल शाळेत आलं की त्यात एक आडवी ओळ होते आणि मूल गेलं की तीच ओळ पुरी होते. नाव, आईचं नाव, धर्म, जात, पोटजात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रगती, वागणूक, शाळा सोडल्याचं कारण, शेरा. तुमच्या घरातला शाळा सोडल्याचा दाखला काढून बघा. खाली लिहिलेलं असतं की वरील माहिती जनरल रजिस्टरप्रमाणे आहे. म्हणजे दाखला ही नक्कल, मूळ ते रजिस्टर, आणि ते कायम जपायचं असतं. प्रगती 'बरी' आणि वागणूक 'चांगली' हे आम्ही डोळे मिटून लिहायचो, त्यात काही गुपित नाही. गुपित असतं ते शेवटच्या दोन रकान्यांत. माझ्या आधीच्या लिपिकांच्या सुरेख वळणदार अक्षरात मी वाचलंय: 'फी थकल्याने नाव कमी केले.' 'लग्न झाल्याने.' 'वडील वारले, मामाकडे गेली.' एकेका ओळीत एकेक घर.

आणि ते बघायला कोण कोण येतं? लग्नवाले तर येतातच. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीआधी उमेदवाराचे विरोधक येतात, कारण तिसरं मूल सप्टेंबर २००१ नंतरचं निघालं की उमेदवारी गोत्यात, आणि त्याचा पक्का पुरावा आमच्या कपाटात. राखीव जागेवर कुणी निवडून आलं की आजोबांच्या शाळेतली जात शोधणारे येतात. जमिनीच्या वाटणीतले भाऊ येतात. एप्रिल-मे महिन्यात क्लासवाले नववीची यादी मागायला येतात, फोन नंबरासकट, सोबत काजूकतलीचा डबा. खोटं कशाला सांगू, सुरुवातीची दोन वर्षं ती यादी आमच्याच ऑफिसातून बाहेर गेली आणि काजूकतली मीही खाल्ली.

यातल्या पुष्कळांना कायदेशीर वाट आहे. जात पडताळणी समितीचं दक्षता पथक पत्र घेऊन आलं की मी स्वतः रजिस्टर उघडून पुढे ठेवायचे. कोर्टाचं समन्स आलं की रजिस्टर बगलेत मारून साक्षीला गेलेय. माहिती अधिकारात अर्ज आला की तो मुख्याध्यापकांच्या टेबलावर जायचा. दुसऱ्याची खासगी माहिती असली तर त्या दुसऱ्याला आधी विचारावं लागतं. पण नळापाशी गाठणाऱ्यांना ती वाट नकोच असते. मी त्या पाहुण्यांना म्हटलं, "मुलीच्या वडिलांकडे दाखल्याची झेरॉक्स मागा ना, प्रत्येक घरात असते." तर म्हणाले, "छे छे, ते कसं मागायचं? त्यांना वाईट वाटेल."

मला कळलेली गोष्ट एवढीच. ज्याची माहिती त्याला विचारायला संकोच वाटतो, म्हणून माणसं लिपिकाकडे येतात.

मी अशी कडक झाले, त्याला कारण आहे. २०११-१२चं वर्ष. सहावीतला एक मुलगा दिवाळीच्या सुट्टीनंतर आलाच नाही. डिसेंबरात दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाळेचं पत्र आलं: सदर विद्यार्थ्यास आमच्याकडे प्रवेश दिला आहे, तरी शाळा सोडल्याचा दाखला पाठवावा. शिक्षणहक्क कायद्यापासून दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही. आठवीपर्यंतचं मूल आधी वर्गात बसतं, मग दाखला मागवतात. मी पत्र आवक रजिस्टरला चढवलं आणि फायलीला लावलं.

आठवड्याने वडील आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पोराचं राहिलेलं दप्तर. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. बायको भांडून गेली, पोराचं तोंड बघून दीड महिना झाला, कुठं आहे तेवढं सांगा, मॅडम. आणि रडायला लागले. ऑफिसात उभा राहून पुरुष माणूस रडतोय हे मी तोवर पाहिलं नव्हतं. मी तोंडाने एक अक्षर बोलले नाही. फायलीतलं पत्र काढलं, टेबलावर ठेवलं आणि त्यांच्या बाजूला वळवलं. मग शिपाईमामांना चहा सांगायला दारापर्यंत गेले. परत आले तेव्हा ते दप्तर उचलून निघाले होते.

चौथ्या-पाचव्या दिवशी त्या शाळेच्या लिपिकबाईंचा फोन. "मॅडम, पत्ता तुमच्याकडून गेला का?" गेटवर मारहाण झाली होती. आईला. पोरगं वर्गाच्या दारात उभं होतं.

मी म्हटलं, नाही, आमच्याकडून कुणी काही सांगितलं नाही. शब्दशः खरं होतं ते.

चौकशी झाली असती तरी मी सुटले असते. बाप म्हणजे पालक. मुलाची माहिती पालकाला द्यायची नाही असं आमच्या कुठल्या नियमात लिहिलं होतं? पुढे दोनेक महिन्यांनी राहवलं नाही, म्हणून त्या बाईंना फोन केला, मुलगा आहे का म्हणून. त्या म्हणाल्या, नाव कमी केलं. कुठं गेला? "ते आम्ही सांगत नाही," म्हणाल्या. बरोबरच म्हणाल्या. त्या पत्राचा आवक नंबर मला अजून पाठ आहे.

त्यानंतर मी ऑफिसात बसून काही गोष्टी बदलल्या. मोठ्या नव्हेत. शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की वर्गात शिक्षक पुकारायचे, "एस.सी.ची मुलं उभी राहा... आता एन.टी.ची." सगळा वर्ग वळून बघायचा. चाळीस मिनिटांच्या तासात कुणाची जात काय हे साठ पोरांना कळायचं, आणि कुणाच्या मनात वाईट नसायचं. ती यादी मी माझ्याकडे घेतली आणि मुलांना मधल्या सुट्टीत एकेकटं बोलवायला लागले. एका शिक्षकांनी टोमणा मारला, "मॅडमनी लग्नाची आमंत्रणं सुरू केलीत." असू दे.

पण मी कपाटाला कुलूप घालते आहे तोवर कपाटच हललं होतं. २०१५ला 'सरल' आलं, मग यू-डायस प्लस, म्हणजे मुलांच्या नोंदी ऑनलाइन भरायच्या सरकारी प्रणाली. संच मान्यता, म्हणजे शाळेला शिक्षक किती मिळणार, ती आधार जुळलेल्या विद्यार्थ्यांच्या आकड्यावर ठरायला लागली. सुप्रीम कोर्टाने २०१८ साली सांगून ठेवलंय की शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येत नाही. प्रवेश आम्ही कुणाला नाकारलाही नाही. पण दहा पोरांची नावं आधारशी जुळेनात आणि त्यापायी एका शिक्षकाची नोकरी टांगणीला, असं झाल्यावर मुख्याध्यापक काय करतील? वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यादीचा फोटो टाकला. नाव, जन्मतारीख, आधारचा आख्खा नंबर, पुढे लाल अक्षरात 'मिसमॅच'. खाली पालकांचे अंगठे. आणि नेट चाललं नाही की शाळेचं लॉगिन स्टँडवरच्या नेट कॅफेत उघडायचं. पासवर्ड त्या पोराला आमच्यापेक्षा चांगला पाठ. मी जन्मभर एक पान दाखवलं नाही आणि तिथे आख्खं रजिस्टर वडापाव खात स्क्रोल होत होतं.

दहावीच्या निकालाचं तर काय बोलावं! ऑनलाइन निकाल बघायला बैठक क्रमांक आणि आईचं नाव लागतं. गावात कुणाच्या आईचं नाव कुणाला माहीत नसतं? दुपारी एकला निकाल लागला की सव्वा वाजता शेजारणीला आपल्या पोराचं गणित कळलेलं असतं.

हल्ली अपार आयडीचं संमतीपत्र घेऊन पालक घरी येतात, सही करू का विचारत. बारा आकडी नंबर, मुलाच्या गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रं आयुष्यभर त्याला जोडायची. मी सांगते, आधी वाचा तरी. ते ऐच्छिक आहे आणि दिलेली संमती मागे घेता येते. मग करायची तर करा. नवा विदा (म्हणजे डेटा) संरक्षण कायदा २०२३चा, त्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती हाताळायला पालकाची संमती हवी, असं त्यात आहे. चांगलंच आहे. वाचताना मला तो पांढरा शर्ट आठवला. कायदा जिथे तिथे पालकाच्या हातात किल्ली देतो, आणि सहावीतल्या पोराला कुणी विचारत नाही.

माझा भाऊ न्यू जर्सीत असतो. त्याची मुलगी कॉलेजात गेली तेव्हा हा मार्क विचारायला फोन करत होता आणि कॉलेज सांगेना. तिकडे १९७४चा कायदा आहे, फेर्पा म्हणतात. मूल कॉलेजात गेलं किंवा अठराचं झालं की शाळेच्या कागदांवरचा हक्क आईबापांकडून त्याच्याकडे जातो. भाऊ चिडला होता, "फी मी भरतो आणि मार्क मला नाहीत?" मी म्हटलं, लेकीला विचार. तर म्हणे, "ती सांगत नाही ना!" इथे काय, तिथे काय.

माझं सगळंच बरोबर असं मी म्हणत नाही. २०२३च्या नोव्हेंबरात आरक्षणाच्या दाखल्यांसाठी जुन्या कुणबी नोंदी शोधायला तहसीलमधून माणसं आली. १९६७च्या आधीची रजिस्टरं बाहेर काढली, धूळ झटकली, आमच्याकडची बाळबोधात, म्हणजे देवनागरीत होती म्हणून मोडीवाचक लागला नाही. जिथे 'कुणबी' दिसलं त्या पानांचे फोटो घेतले. एका पानावर दहा-बारा मुलं. कुणबी दोघं, आणि उरलेल्यांत 'फी थकल्याने' आणि 'लग्न झाल्याने' वाल्या. त्याही फोटोत गेल्या. मला ते टोचलं. पण बाहेर बाकावर एक आजोबा आणि त्यांचा नातू सकाळपासून डबा घेऊन बसले होते. त्यांच्या दृष्टीने ते पान म्हणजे नातवाचं कॉलेज होतं. मी तिथे काही बोलले नाही. पान ज्याचं आहे त्याला ते मिळायलाच हवं, त्यावर माझं भांडण कधीच नव्हतं. तुमची उत्तरपत्रिका तुम्हाला बघायचा हक्क तर सुप्रीम कोर्टानेच २०११ साली दिलाय. शेजारच्या ओळीचं काय करायचं, याचं उत्तर मला त्या दिवशी सापडलं नाही.

तर नळापाशीचे ते पाहुणे. मी नाही म्हटल्यावर रुमालाने हात पुसत म्हणाले, "राहू द्या वहिनी. तुमच्या जागी आलेला पोरगा आमच्या मेव्हण्याच्या गावचा आहे. त्यालाच फोन लावतो."

लावू देत. पंगतीत त्यांनी विषय काढलाच होता. हात धुवायला उठायच्या आधीच मी त्या पोराला फोन करून ठेवला होता.