पेजेची निवळ आणि यॉर्कची पट्टी

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी, इथे इंग्लंडमधल्या यॉर्कला, शाळा सुटल्यावर विद्यापीठातले दोन शास्त्रज्ञ आमच्या स्टाफरूममध्ये आले, पहिलीच्या मुलांच्या ठेंगण्या खुर्च्या ओढून बसले आणि त्यांनी आम्हा शिक्षकांच्या हातात रंगकामाचे ब्रश दिले. मुलं घरी गेली होती. मला वाटलं होतं, नेहमीसारखा तासाभराचा कार्यक्रम असेल, मुलांसमोर धूर निघेल, फोटो निघतील, आभारप्रदर्शन होईल. त्या दिवशी दोन तास ते फक्त आमच्यासाठी बसले. हे तेव्हाच लिहायचं होतं. पण मध्ये नाताळात घरी गोव्यात येऊन गेले आणि आता दोन्हीकडचं मिळूनच लिहावं लागतंय.

यॉर्कच्या विद्यापीठात वातावरणाच्या रसायनशास्त्राची वेगळी प्रयोगशाळा आहे, वुल्फसन नावाची, २०१३ पासूनची. तिथली ही माणसं. प्रयोग जुनाच. शंभर मिलिलीटर पाण्यात पाच ग्रॅम कॉर्नफ्लोअर घालून ढवळत तापवायचं, काचेसारखं झालं की उतरवून त्यात एक ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड घालायचं. ही खळ गाळणकागदावर ब्रशने लावून अंधारात वाळवायची आणि पट्टी आठ तास सावलीत टांगायची. हवेतला ओझोन आयोडाइडचं आयोडीन करतो आणि आयोडीन स्टार्चला निळं-जांभळं करतं. शेवटी पट्टी डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून रंग बघायचा. ओझोन शोधणाऱ्या शोनबाइनने एकोणिसाव्या शतकात याच कागदांनी हवा तपासली होती.

यातलं सगळं मला पाठ होतं. डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये सात वर्षं मी आठवी ते दहावीला रसायनशास्त्र शिकवलं. हे वाचणाऱ्यांतले काहीजण माझ्या वर्गात बसलेले आहेत. इथे टीचिंग असिस्टंट आहे म्हणून मागच्या खुर्चीवर बसले होते, पण मनात म्हणत होते, हे मला काय सांगणार?

मग त्या दोघांतल्या शास्त्रज्ञ बाईंनी मुद्दाम उन्हात वाळवून खराब केलेली पट्टी काढली. टांगायच्या आधीच तिच्यावर डाग पडले होते. "वर्गात हे होणारच. तेव्हा मुलांना काय सांगाल?" त्यांनी विचारलं. पट्टी सगळ्यांच्या हातून फिरली. कोणी म्हणालं, फेकून देऊ. कोणी म्हणालं, दुसरी दाखवू. त्या म्हणाल्या, फेकू नका, ती का बिघडली हे मुलांनाच शोधू दे. त्यांनी दमट हवेचं सांगितलं, ओलाव्याने रंग गडद होतो म्हणून दोन ठिकाणांची तुलना करताना हवा किती दमट होती तेही लिहायचं. स्वतःच्याही फसलेल्या पट्ट्या त्यांनी आणल्या होत्या, मागे तारीख घालून.

प्रयोग फसला तर काय, हा प्रश्न सात वर्षांत मला कोणी विचारला नाही. आपल्याकडे प्रयोग फसायची सोयच नव्हती. पोर्शन संपवायचा, जर्नलं तपासायची, मार्चमध्ये बोर्ड. वर्गात अठ्ठेचाळीस मुलं. मी कामचुकार नव्हते. पण एक गोष्ट लिहायलाच हवी. २०१२ च्या खाणबंदीआधीचे, लोहखनिजाच्या खाणींचे दिवस तुम्हाला आठवतात. शाळेसमोरून ट्रकांची रांग, फणसाच्या पानांवर लाल थर, बाकावर बोट फिरवलं की रेघ उठायची. त्या धुळीसाठी मी वर्गाच्या खिडक्या लावून घ्यायचे आणि बंद खिडक्यांच्या आत हवेच्या प्रदूषणाची व्याख्या उतरवून द्यायचे. मुलं लिहून घ्यायची. त्या खिडक्यांच्या काचा मला त्या ठेंगण्या खुर्चीवर दिसल्या.

पुढच्या आठवड्यात मुलांनी पट्ट्या टांगल्या. एक शाळेच्या मैदानाशी, एक गिलीगेटला, जिथे दोन्ही बाजूंच्या उंच घरांमध्ये गाड्या खोळंबून असतात. सगळ्यांनी पैज लावली की गिलीगेटची पट्टी सगळ्यात गडद होणार. ती सगळ्यात फिकी निघाली. इंजिनातून निघणारा नायट्रिक ऑक्साइड जवळचा ओझोन संपवतो आणि स्वतः नायट्रोजन डायऑक्साइड होतो. म्हणून वाहत्या रस्त्यावर ओझोन कमी, आणि तेवढ्यावरून तिथली हवा चांगली म्हणता येत नाही. शेजारी बोटाएवढ्या, सात सेंटिमीटरच्या नळ्याही लावल्या होत्या. त्यांच्या झाकणातल्या जाळीवरचं रसायन नायट्रोजन डायऑक्साइड धरून ठेवतं. चार आठवड्यांनी नळ्या प्रयोगशाळेत गेल्या. निकाल जानेवारीत आला, आणि त्यात गिलीगेट सगळ्यात वर.

पट्ट्या बघताना एक सहकारी मला म्हणाली, "तुमच्याकडे तर हे फारच भयंकर असेल ना?" मनाने चांगली बाई आहे. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. इथल्यांना भारत म्हटलं की दिल्लीचं धुकं आठवतं. मी तिला सांगितलं की नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक कायदेशीर मर्यादा तुमच्याकडे घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आणि आमच्याकडेही ४०, आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते १० हवी, म्हणजे दोघंही नापास. शिवाय मी गोव्याची, समोर अरबी समुद्र, दिवसभर खारा वारा. सूक्ष्म धूलिकणांचा विषय मी काढला नाही. तिथे इंग्लंडची मर्यादा २० आहे आणि आपली ४०. वास्कोला बाल्कनीत बंदरावरच्या कोळशाची काळी पूड झाडणाऱ्या माझ्या मावशीचंही नाव काढलं नाही. घरच्या गोष्टी आपण घरात बोलतोच की. परक्या स्टाफरूममध्ये त्या काढाव्यात असं मला अजूनही वाटत नाही.

पण समुद्राचं जे बोलले ते पोकळ नव्हतं. त्या शास्त्रज्ञ बाईंनीच मग फळ्यावर समुद्र काढला. पट्टीवर जे होतं तेच समुद्राच्या पृष्ठभागावर अखंड चालू असतं. खाऱ्या पाण्यात आयोडाइड असतं, वरून ओझोन उतरतो, दोघं भेटतात आणि आयोडीन हवेत जातं. समुद्र ओझोन गिळतो, त्यातला मोठा वाटा या भेटीचा. आणि बोलता बोलता त्या म्हणाल्या, हिंदी महासागरातलं आयोडाइड मोजायच्या कामात आमच्यासोबत गोव्याची मंडळी होती. वास्कोच्या हेडलँड सड्यावरचं ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र! तो अभ्यास २०२० मध्ये छापून आला, १२ अंश उत्तरेपासून ७० अंश दक्षिणेपर्यंतच्या पाण्याचा. मी खुर्चीत ताठ बसले आणि सहकारी बाईकडे बघितलं.

घरी चालत येताना मात्र तो अभिमान टोचायला लागला. डिचोलीहून हेडलँड सडा बसने दोन-अडीच तास, दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था त्याहून जवळ. मुलांना खुल्या दिवसांना आम्ही न्यायचो, मुलं बघून यायची, माहितीपत्रकं घेऊन यायची, ते चांगलंच होतं. पण संशोधक आणि शिक्षक एका टेबलाशी बसून खळ ढवळतायत, असं मी कधी पाहिलं नाही. मीही कधी फोन केला नव्हता.

डिसेंबरात घरी गेले तेव्हा वहिनीला हे सगळं सांगितलं. तीही शिक्षिका, नववीला विज्ञान शिकवते. नाताळची सुट्टी लागायला चार दिवस होते. तिच्या शाळेच्या कपाटात पोटॅशियम आयोडाइडची तपकिरी बाटली होती, कॉर्नफ्लोअर नव्हतं. वहिनी म्हणाली, पेज आहे की! उकड्या तांदळाच्या पेजेची निवळ आम्ही फडक्यातून दोनदा गाळली, आटवली आणि चुलीजवळच्या अंधारात पट्ट्या वाळवल्या. एक आमच्या सोप्यावर टांगली, एक डिचोलीच्या बसस्टँडजवळ, एक मिरामारच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडाला.

सोप्यावरच्या पट्टीला मुंग्या लागल्या. कडेने कुरतडलेली, मध्ये दवाचे डाग. बसस्टँडची फिकी. मिरामारची छान जांभळी, पण तिथली हवा किती दमट ते तुम्ही जाणता. वर्गात मी मागे बसले. वहिनीने आधी मुंग्यांची पट्टी वर धरली आणि म्हणाली, "हिच्यावरून मला काहीच सांगता येत नाही. का, ते तुम्ही सांगा." सात वर्षांत मी असं वाक्य वर्गात उच्चारलं नव्हतं. मुलं एकमेकांकडे बघायला लागली आणि मग एकदम सगळी बोलायला लागली. बसस्टँडच्या पट्टीवर मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "टीचर, बशींच्या धुरान ओझोन खाल्लो." नायट्रिक ऑक्साइडचं नाव त्याने ऐकलंही नव्हतं. यॉर्कमध्ये इथवर यायला आम्हाला अर्धा तास लागला होता, हे मी इथे अभिमानाने लिहिते.

मग एका मुलीने विचारलं, मिरामारला जो वास येतो तो आयोडीनचा का? वहिनीने माझ्याकडे बघितलं. मला माहीत होतं की तो वास मुख्यतः डायमिथाइल सल्फाइडचा, समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींमुळे तयार होणाऱ्या वायूचा. मी तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनी मुलीला म्हणाली, "मला ठाऊक नाही. जे याच्यावर काम करतात त्यांना विचारू."

परवा तिचा मेसेज आला. एका संशोधक बाईंचा नंबर मिळवून तिने फोन केला होता. त्या तालुक्यातल्या सात-आठ शिक्षकांना भेटायला तयार आहेत, शनिवारी दुपारी, मुलांशिवाय. वहिनीने विचारलंय, पेजेत मुंग्या येऊ नयेत म्हणून काय घालायचं आणि तुमच्या त्या बाईंच्या नोट्स मराठीत करून कधी पाठवतेस. नोट्सची चार पानं झाली आहेत, दोन राहिली आहेत.