एर्रेराचे कोपर अखेर वळले

एर्रेरांच्या पोशाखाची जी छोटी प्रतिकृती मी बनवतो आहे, तिचे उजवे कोपर ‘जवळजवळ झाले’ असे मागच्या नोंदीच्या शेवटी मी लिहिले होते. त्यानंतर ते तीन वेळा मोडून नव्याने करावे लागले आणि परवा रात्री, हवा भरलेल्या स्थितीत, ते पहिल्यांदा एका बोटाने वळले व जिथे सोडले तिथेच थांबले. ही नोंद बव्हंशी त्या कोपराचीच आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की, स्पेन आणि मानवी अवकाशप्रवास या माझ्या प्रतिकृतींच्या मांडणीतला हा पहिला पोशाख आहे : ग्रनादाचे अभियंते एमिलिओ एर्रेरा यांनी 1935 मध्ये तयार केलेला, स्थितांबरातल्या (स्ट्रॅटोस्फिअर) उड्डाणासाठी अंगाभोवती हवेचा दाब राखणारा दाबपोशाख. खुल्या पाळण्याच्या फुग्यातून स्थितांबरात जाण्याचा त्यांचा बेत 1936 च्या यादवी युद्धाने बुडाला आणि त्या तयारीतले रबर लावलेले रेशमी कापड सैनिकांच्या रेनकोटांसाठी कापले गेले. त्यामुळे आपल्यासारख्यांच्या हाती उरतात ती कृष्णधवल छायाचित्रे आणि वर्णने. आत हवाबंद थर, त्यावर घड्यांचा धातूचा सांगाडा, आणि खांदे, कोपरे, कंबर, गुडघे इतकेच काय, बोटांपर्यंत सांधे. प्रमाण 1:6 असल्यामुळे कोपरापाशी बाहीचा व्यास सुमारे 22 मिमी येतो.

पहिला प्रयत्न लवचीक रेझिनच्या, त्रिमितीय छपाईने केलेल्या सांध्याचा होता. तो दिसायला देखणा होता. मात्र आठवडाभरात घड्या चिकट होऊन एकमेकींना बिलगल्या. छपाई करून देणाऱ्याने ‘हवामानामुळे होते’ असे उत्तर दिले, म्हणून पुढची छपाई दुसरीकडे. दुसऱ्या प्रयत्नात तांब्याची तार दांड्यावर गुंडाळून तिच्यावर हीट-श्रिंक (गरम केल्यावर आकसणारी) नळी आवळली. (पुण्याच्या तपकीर गल्लीत ही नळी हव्या त्या व्यासाची आणि हातभर सुद्धा कापून मिळते, घरपोच मागवून पाच मीटरचे भेंडोळे गळ्यात घेण्यापेक्षा ती फेरी परवडते.) पण गुंडाळलेली तार म्हणजे मळसूत्र, आणि एर्रेरांच्या घड्या एकमेकींपासून स्वतंत्र अशा कड्या आहेत. छायाचित्राशेजारी ठेवताच फरक डोळ्यांत खुपत होता. शिवाय कोपर वळवले की मळसूत्रामुळे मनगटही बाहेरच्या बाजूला फिरत होते.

म्हणून तिसऱ्या प्रयत्नात पितळी तारेच्या अकरा स्वतंत्र कड्या झाळून घेतल्या, त्या पातळ रबरी बाहीवर बसवल्या आणि दोन कड्यांमधल्या खोबणीत दोरा आवळला. हवेशिवाय सांधा सुरेख वळला. रक्तदाब मोजण्याच्या यंत्राचा रबरी फुगा जोडून हवा भरली, तेव्हा मात्र पेटीचा भाता उघडावा तशी बाही लांबतच गेली आणि मनगट कोपरापासून दोन सेंटीमीटर पुढे पोहोचले. हवा कमी केली तर हात लुळा पडे. वाढवली तर लांब आणि ताठ होई. या एका गोष्टीने जवळजवळ सहा रविवार खाल्ले. मी रबर जाड केले, कड्या वाढवल्या, कापडी अस्तर लावले, आणि प्रत्येक वेळी दोष साहित्याला देत राहिलो.

दोष साहित्याचा नव्हता. हवा भरलेली साधी नळी वाकवली की आतल्या बाजूला ती चेपते, तिचे आकारमान घटते, म्हणजेच वाकवणाऱ्याला प्रत्येक वेळी आतली हवा दाबावी लागते. आकारमान तेच राहायचे असेल तर आतल्या बाजूच्या घड्या जितक्या मिटतील तितक्याच बाहेरच्या उघडल्या पाहिजेत, आणि त्यासाठी सांध्याची मध्यरेषेवरची लांबी बांधलेली हवी. भात्याच्या घड्या वळण देतात, पण त्यांना लांबण्यापासून रोखणारा लगाम वेगळाच लागतो. एर्रेरांनी घड्या नुसत्या कापडात न ठेवता धातूच्या सांगाड्यात का बसवल्या असाव्यात, हे मला छायाचित्रे पाहून नव्हे, तर लांबलेल्या बाहीकडे पाहून उमगले. सांध्याच्या दोन्ही कुशींना मासेमारीच्या नायलॉनचा एकेक धागा ताणून प्रत्येक कडीला गाठ मारली, फुगा दाबला, आणि कोपर वळले. त्या रात्री मी ते किती वेळा वळवले हे घरच्यांना विचारू नये.

शिरस्त्राणाचे काम त्या मानाने निमूटपणे पार पडले. मूळ दर्शनी काचेत तीन थर होते : एक न फुटणारा, एक अतिनील किरण गाळणारा आणि सर्वांत बाहेरचा अवरक्त किरण अडवणारा. मी अ‍ॅसिटेटच्या (पारदर्शक प्लॅस्टिकच्या) तीन चकत्या बसवल्या असून बाहेरच्या चकतीला गाडीच्या काचेची फिल्म लावली आहे. तिरक्या उजेडात तिन्ही कडा वेगवेगळ्या दिसतात. शुद्ध प्राणवायूत ठिणगीचा धोका नको म्हणून एर्रेरांनी कार्बनविरहित मायक्रोफोन बनवला होता. तो आत बसवला आहे, जरी तो कुणालाही दिसणार नाही.

हे लिहिता लिहिताच मूळ आराखडा बदलावा असे वाटू लागले आहे. तीन पूर्ण पुतळ्यांऐवजी तीन कोपरेच मांडली तर? स्पॅनिश अंतराळवीर पेद्रो दुके 2003 च्या ऑक्टोबरमध्ये ‘सेर्वांतेस’ मोहिमेसाठी सोयूझमधून गेले, तेव्हाचा सोकोल पोशाख यानात आसनावर बसण्यासाठी बेतलेला असतो. त्याच्या मऊ कापडी कोपराकडून फारशी अपेक्षाच नसते. उलट अमेरिकी अंतराळवीर मायकेल लोपेस-आलेग्रिआ यांनी दहा अवकाशचालींत 67 तास 40 मिनिटे बाहेर काम केले, त्यांतल्या तीन 2007 मध्ये सुनीता विल्यम्स यांच्यासोबत. दहांपैकी दोन रशियन ‘ओर्लान’ पोशाखात आणि बाकी अमेरिकी पोशाखात झाल्या, म्हणून अमेरिकी बाहीच घेईन. तिच्या कोपरातही भाता नाही. कापडच अशा बेताने कापून शिवलेले असते की वाकताना आकारमान फारसे बदलू नये. एकाच प्रश्नाची ही उत्तरे शेजारी ठेवणे मला पूर्ण पुतळ्यांपेक्षा अधिक बोलके वाटते, आणि चेहरे रंगवण्यातून सुटकाही होते.

नामपट्टीचा जुना वादही यात मिटेल. माद्रिदमध्ये जन्मलेले लोपेस-आलेग्रिआ 1995 मध्ये अमेरिकी अंतराळवीर म्हणून उडाले, तर दुके 1998 मध्ये जॉन ग्लेन यांच्याबरोबर ‘डिस्कव्हरी’तून गेले. ‘पहिला स्पॅनिश’ कोण, यावर मी पट्टी लिहिणार नाही, जन्मगाव आणि उड्डाणाचे वर्ष तेवढे लिहीन. 2022 मध्ये अंतराळवीर म्हणून निवडले गेलेले लेओनचे पाब्लो आल्वारेस उडतील तेव्हासाठी चौथा तळ कापून ठेवला आहे.

डाव्या कोपराच्या कड्या आज झाळून झाल्या. खांद्याला मात्र दोन दिशांनी वळायचे असल्याने कुशीच्या धाग्यांची युक्ती तिथे जशीच्या तशी चालणार नाही. दोन सांधे काटकोनात एकापुढे एक जोडून पाहणार आहे. बोटे या प्रमाणात जेमतेम साडेतीन मिलिमीटर जाडीची येतात, ती ताठच राहतील.