तुम्ही विचारलंत म्हणून : लगतचा पुढचा आकडा

तालुक्याच्या गावी बसून शेतांचे नकाशे आणि कापूस खरेदीच्या नोंदी नमपायमध्ये (पायथन भाषेतली आकडेमोडीची लायब्ररी) हाताळणारी पोरं हमखास विचारतात : अ‍ॅरेतल्या (आकड्यांच्या रांगेतल्या) प्रत्येक आकड्याच्या लगतचा पुढचा आकडा, म्हणजे कॉम्प्युटरला साठवता येणारा त्याच्या वरचा पहिलाच आकडा, कसा काढायचा? एप्सिलॉन मिळवला की झालं ना?

१ ला मिळवला तर झालं. ७५२१ रुपये भावाला मिळवला तर काहीच होत नाही. एप्सिलॉन हे १ आणि त्याच्या लगतच्या वरच्या आकड्यातलं अंतर. २ चा प्रत्येक घात ओलांडला की अंतर दुप्पट होतं, म्हणजे ७५२१ पाशी ते ४०९६ पट. मिळवलेला एप्सिलॉन तिथे जिरतो आणि एररही येत नाही.

त्यासाठी नमपायचं नेक्स्टआफ्टर हे फंक्शन आहे. आधी अ‍ॅरे द्यायचा, मग दिशा : वर जायला धन अनंत, खाली यायला ऋण अनंत. लूप लागत नाही. नुसतं अंतर हवं असेल तर स्पेसिंग हे फंक्शन. मात्र ते वजा करून खालचा आकडा काढू नका. १ च्या खाली अंतर निम्मं होतं, त्यामुळे मधला एक आकडा सुटतो. ऋण आकड्याचं स्पेसिंगही ऋणच येतं.

खरी फसगत डीटाइपमध्ये, म्हणजे आकडा साठवण्याच्या प्रकारात, आहे. अ‍ॅरे फ्लोट३२ (३२ बिटांचा) आणि दिशेचा अ‍ॅरे फ्लोट६४ (६४ बिटांचा, जास्त बारीक) असला, तर उत्तर फ्लोट६४ मध्ये येतं आणि पाऊलही तेवढंच बारीक पडतं. ते परत फ्लोट३२ मध्ये भरलं की जुनाच आकडा हाती येतो. दिशाही फ्लोट३२ च द्या.

हे अंतर जमिनीवर केवढं? यवतमाळकडे रेखांश ७८ च्या आसपास. फ्लोट३२ मध्ये तिथे लगतच्या दोन आकड्यांत ०.०००००७६ अंश, म्हणजे साधारण ८० सेंटिमीटर. अक्षांश २० च्या घरात, तिथे २१ सेंटिमीटर. शेताचा धुरा (बांध) एवढा सरकला तर आपल्याकडे कोर्टात जायला पुरेसा आहे! नकाशाचे बिंदू फ्लोट६४ मध्येच ठेवा.

नेक्स्टआफ्टर सगळ्यात जास्त कामी येतं ते गट पाडताना. कापसाच्या ओलाव्याचे ८ ते १२ टक्क्यांचे गट डिजिटाइझ या फंक्शनने पाडले, तर नेमका १२ चा नमुना शेवटच्या गटाबाहेर पडतो, कारण गटाची वरची कड त्यात धरलेली नसते. शेवटची कड १२ ऐवजी १२ च्या लगतचा वरचा आकडा ठेवा. हिस्टोग्राम या गटवार मोजणीच्या फंक्शनमध्ये मात्र हे करायची गरज नाही, तिथे शेवटचा गट दोन्हीकडून बंद असतो.