मिशेल संपल्यावर आलेले आम्ही

बुधवार, २६ नोव्हेंबर २०२५

जपानी रॉक गायक चिबा युसुकेला जाऊन आज दोन वर्षं झाली. सकाळी चहा ठेवता ठेवता फोन उघडला, तर जपानी चाहत्यांनी जुन्या तिकिटांचे, घामाने विटलेल्या टीशर्टांचे फोटो टाकलेले. बरेचसे पन्नाशीच्या आसपासचे असावेत. मधेच एखादं शाळकरी पोर, हातात टेलिकॅस्टर गिटार. मला या पोरांचं जास्त कुतूहल आहे, कारण मी त्यांच्याच पंक्तीतली. वयाने नव्हे, उशिरा पोचल्यामुळे.

बँडचं नाव थी मिशेल गन एलिफंट. 'द डॅम्ड' या इंग्लिश पंक बँडच्या एका अल्बमचं नाव कुणीतरी भलतंच वाचलं आणि तेच कायम झालं, असं सांगतात. चाहते नुसतं 'मिशेल' म्हणतात. गायक चिबा, गिटारवर आबे फुतोशी, बेसवर उएनो कोजी, ड्रम्सवर कुहारा काझुयुकी. काळे चिकटून बसलेले सूट, घोगरा गळा, आणि वेग असा की गाणं संपल्यावर आपल्यालाच धाप लागते. पहिला मोठा रेकॉर्ड १९९६चा, शेवटचा कार्यक्रम ११ ऑक्टोबर २००३ला तोक्योजवळच्या माकुहारी मेस्से या भल्यामोठ्या सभागृहात. त्या वर्षी मी शाळेत होते आणि जपान म्हणजे मला फक्त कार्टून आणि कॅल्क्युलेटर.

म्हणजे मी चाहती झाले ती संपलेल्या गोष्टीची. याचं सुरुवातीला वाईट वाटायचं. १९९८च्या फुजी रॉक या संगीत महोत्सवाच्या गोष्टी वाचायचे: तोक्योच्या तोयोसु भागात भर उन्हात झालेला कार्यक्रम, पुढच्या रांगांत लोक चेंगरायला लागले म्हणून वाजवणं पुन्हापुन्हा थांबवावं लागलं. आणि २००० साली त्याच महोत्सवाच्या मुख्य मंचावर, रात्रीच्या शेवटच्या मानाच्या जागी, एक जपानी बँड: हेच. हे सगळं वाचताना लग्न आटोपल्यावर मांडवात पोचल्यासारखं व्हायचं.

पण मला मिशेल कळलं ते एका टीव्हीच्या तुकड्यामुळे. २७ जून २००३, शुक्रवार रात्रीचा 'म्युझिक स्टेशन' हा थेट प्रसारणाचा कार्यक्रम. पाहुणे म्हणून बोलावलेल्या 'टाटू' या रशियन जोडीने सुरुवातीला तोंड दाखवलं आणि मग ऐनवेळी गायला नकार दिला. थेट प्रसारण, मधे काही मिनिटांचं भगदाड. त्या रात्री मिशेलही तिथे होते, त्यांचं गाणं वाजवून झालं होतं. त्यांना विचारलं, अजून एक वाजवाल का? त्यांनी 'मिडनाइट क्लॅक्सन बेबी' काढलं. तयारी नाही, काही नाही. त्यातलं आबेचं वाजवणं बघा. चेहऱ्यावरची सुरकुती हलत नाही, आणि उजवं मनगट मात्र ताशाच्या काड्यांसारखं सुटलेलं. तारांवर वर-खाली, वर-खाली, आणि मधे डाव्या हाताने तार दाबून आवाज कापायचा. पायाशी आवाज बदलणाऱ्या पेडलांचा पसारा जवळजवळ नाहीच. जपानी गिटारवाले या हाताबद्दल बोलताना 'राक्षस' हाच शब्द वापरतात. मी घरी करून बघितलं. एका गाण्यात मनगट भरून आलं, आणि खालच्या काकूंनी वर येऊन विचारलं, सुतार आलाय का?

त्या रात्रीनंतर दोन महिन्यांनी, १ सप्टेंबरला, बँड मोडतोय हे जाहीर झालं. माकुहारीत तीस हजारांवर लोक आले. शेवटचं गाणं 'सेकाई नो ओवारी', म्हणजे जगाचा अंत. पदार्पणाचं सिंगलही हेच होतं. त्याच गाण्यात आबेच्या गिटारची तार तुटली. पठ्ठ्या उरलेल्या तारांवर वाजवत राहिला.

मोडलेले बँड परत येतात, हा आता रिवाजच झालाय. त्यांच्याच पिढीतला 'नंबर गर्ल' २००२ला मोडला, २०१९ला परत आला आणि २०२२च्या डिसेंबरात पुन्हा थांबला. परत येताना त्यांच्या मुकाई शुतोकुने उघड लिहिलं होतं की दारू प्यायलो होतो, पुन्हा या लोकांबरोबर वाजवावंसं वाटलं, आणि पैसेही कमवायचे होते. मला तो प्रामाणिकपणा आवडला, ते परत आले याचा आनंदही झाला. मिशेलच्या वाट्याला ही सोय आलीच नाही. २२ जुलै २००९ला आबे डोक्यातल्या रक्तस्रावाने गेला, अवघ्या ४२व्या वर्षी. 'परत कधी?' हा प्रश्नच त्या दिवशी मिटला. चिबा आणि कुहारा 'द बर्थडे' या नव्या बँडमध्ये एकत्र वाजवत राहिले, पण कुणी त्याला मिशेल म्हटलं नाही, त्यांनीही म्हणवून घेतलं नाही. हे मला फार योग्य वाटतं.

आणि प्रश्न मिटल्यामुळेच असेल, लोकांनी वाट बघणं सोडून वाजवायला घेतलं. आबेचा हात कसा चालतो हे सावकाश करून दाखवणाऱ्या व्हिडिओंखाली मिशेल मोडल्यानंतर जन्मलेली मुलं भांडत असतात: जोर मनगटाचा की कोपराचा, कुठल्या जाडीच्या तारा. जुने लोक मधे येऊन सांगतात की मी माकुहारीत होतो, आणि मुलं त्यांना विचारतात, मग नीट बघितलं असेल ना, सांगा, कोपर हलत होतं का? उत्तर बहुतेक वेळा येतं की मी तेव्हा गर्दीत खाली पडलो होतो.

भाच्याला मात्र हे दार वेगळीकडून सापडलं. 'द फर्स्ट स्लॅम डंक' या बास्केटबॉलवरच्या ॲनिमेशनपटाच्या सुरुवातीला पेन्सिलीच्या रेघांतून एकेक खेळाडू उभा राहून चालत पुढे येतो, त्याखाली 'द बर्थडे'चं गाणं आहे. तो सिनेमा २०२२च्या डिसेंबरात जपानमध्ये लागला. पुढच्या एप्रिलमध्ये चिबाला अन्ननलिकेचा कर्करोग असल्याचं जाहीर झालं आणि नोव्हेंबरात तो गेला, ५५व्या वर्षी. भाच्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने फक्त विचारलं, "मावशी, हा गाणारा कोण गं?"

मी त्याला मिशेलचा १९९८चा 'गिअर ब्लूज' हा अल्बम पाठवला. जाणकार 'चिकन झॉम्बीज'पासून सुरू करा म्हणतात, म्हणोत. पहिलं गाणं ऐकून त्याचा मेसेज आला, "याचा घसा बसलाय का?" मी लिहिलं, नाही रे, असाच आहे. अर्ध्या तासाने दुसरा मेसेज: "गिटारवाला कोण आहे?"

आता आजचा स्वयंपाक राहू दे. टीव्हीचा तो तुकडा शोधून त्याला पाठवते.